पांढरी साडी, सोनेरी प्रीसेट

१२ जानेवारी

यूट्यूबवरचे माझे गुरू म्हणतात, प्रत्येक कलाकारानं डायरी लिहावी, पुढं जग विचारतं. गुरू लडाखला राहतात, दिवसभरात एका याकचा फोटो काढतात, त्यांना लिहायला वेळ आहे. माझा अर्धा दिवस औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा शोधण्यात जायचा. आजपासून तोही प्रश्न मिटला. बुलेट विकली आणि लेन्स घेतली.

पंच्याऐंशी एमएम, एक पॉइंट दोन. ज्यांना कळतं त्यांना एवढ्यावरच घाम फुटतो. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो : या लेन्सनं माणसाचा फोटो काढला तर डोळा लख्ख येतो आणि कान धुक्यात जातो. मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. त्याला बोकेह म्हणतात. या शहरात हा शब्द माहीत असलेले चार फोटोग्राफर असतील, त्यातले तीन चुकीचा उच्चारतात.

बायकोनं, म्हणजे राजनंदिनीनं, लेन्सला हात न लावताच विचारलं, "हे घेऊन लग्नाला जायचं कशावर?"

"शेअर रिक्षानं."

"बरंय. या लेकराला मांडीवर घेऊन बसत जा."

मग तिनं चहाचा कप खाली ठेवला. ती कप खाली ठेवते तेव्हा काहीतरी निघतंच. म्हणाली, "सीझन संपेपर्यंत बघते. आपण फोन न करता, एक तरी गिऱ्हाईक आपल्या पायानं पुन्हा दारात आलं पाहिजे. नाय आलं तर हे सगळं विकायचं आणि गंगापूरला काकांच्या दुकानात बसायचं."

सर्जेरावकाकांचं दुकान म्हणजे खत, बियाणं आणि फवारणीची औषधं. मी तिथं दोन वर्षं काढली आहेत. त्या काळात जेवणाला सुद्धा युरियाचा वास यायचा.

मी तिला समजावलं की लग्नाच्या फोटोग्राफरकडं गिऱ्हाईक पुन्हा येत नसतं, माणूस लग्न एकदाच करतो. ती म्हणाली, "त्याला बहीण असते. भाऊ असतो. पोरंबाळं होतात." मी हो म्हणालो. सीझन मोठा आहे. एक गिऱ्हाईक म्हणजे काय?

२६ जानेवारी

'माऊली फिल्म्स'ची नवी कार्डं आली. माझं नाव माऊली असल्यामुळं अनोळखी माणसंही आधी हात जोडतात, धंद्याला बरं पडतं. गेल्या खेपेला कार्डावर शहराचं नाव काय छापायचं यावर दोन गिऱ्हाइकांनी दोन उलट भाषणं दिली होती. यावेळी नुसता पिनकोड छापला.

मी बाहेर असतो तेव्हा दुकान राजनंदिनी बघते. दुकानात पासपोर्ट फोटो. औरंगपुऱ्यात क्लासेस इतके की दर माणसी एक परीक्षा पडते, आणि दर परीक्षेला फॉर्म, आणि दर फॉर्मला फोटो. याला मी फोटोग्राफी म्हणत नाही, डॉक्युमेंट म्हणतो. ती पोरांना स्टुलावर बसवते आणि विचारते, "कुठली परीक्षा? कितव्यांदा? घरी कोण कोण आहे?" पोरगं सांगायला मान वर करतं तेवढ्यात ही बटण दाबते. लाइटिंगचा पत्ता नाही. वर ट्यूबलाइट, मागं पडदा, पडद्याला चुण्या.

तीच तीच पोरं वर्षभर येतात. मी म्हणालो, झाली की शर्त पुरी, ही बघ पुन्हा आलेली गिऱ्हाइकं. ती म्हणाली, "ती माझी आहेत. तुमची आणा."

पोरींना बाईमाणसाकडं मोकळं वाटतं, बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी

आज वाळूजला लग्न. 'सोनेरी सांज'चा पहिला मोठा प्रयोग.

'सोनेरी सांज' हे माझ्या प्रीसेटचं नाव. प्रीसेट म्हणजे रंगांचा तयार साचा. यात उजेड सगळा सोनेरी होतो आणि निळं जे काही असेल ते मोरपंखी-हिरवट होतं, ज्याला सिनेमावाले टील म्हणतात. हळदीचा फोटो तर असा येतो की जेवावासा वाटतो. भित्रे फोटोग्राफर फोटो कच्चा साठवतात, मग घरी बसून रंग दुरुस्त करतात. मी साचा कॅमेऱ्यातच बसवतो आणि फोटो पक्का काढतो. रंग बसला तो बसला. गुरू म्हणतात, ज्याचा स्वतःवर विश्वास नाही तो कच्चा साठवतो.

निकाल जबरदस्त. नवरदेवाच्या डाव्या डोळ्याची पापणी न पापणी मोजता येते. नवरदेवाच्या आईनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि जरा बोलली : "माझ्या पोराच्या लग्नात मीच धूर झाले का हो?" मी सांगितलं, मावशी, तो धूर नाही, डेप्थ आहे. त्यांनी माझ्याकडं सुनेकडं बघावं तसं बघितलं. आम्ही निघताना राजनंदिनीला म्हणाल्या, "तू काढलेले चार तरी मला मोबाईलवर पाठव, बाई."

लग्नांना राजनंदिनीही सोबत येते, बायकांच्या खोलीत माझा जुना कॅमेरा घेऊन असते. त्याचं रबर सुटलंय, ते तिनं चिकटपट्टीनं बांधलंय. एकदा म्हणाली होती, पंच्याऐंशी जरा देता का? मी म्हणालो, पडली तर?

२ मार्च

बुकिंग! सम्यक नावाचा तरुण आला, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर आहे. बहिणीचं, करुणाचं, लग्न २३ मार्चला. मी म्हणालो, त्या दिवशी मुहूर्त नाही. तो म्हणाला, "आमच्यात मुहूर्त नाय बघत, दादा. रविवार बघतो. लोकांना सुट्टी पाहिजे."

बौद्ध लग्न. माझं पहिलंच. मी माझी यादी काढली.

"हळद किती वाजता?"

"आमच्या घरात हळद नाही करत."

"अक्षता टाकताना सगळ्यांनी वर बघायचं, मी ड्रोन..."

"अक्षता नाय. फुलं."

"होम?"

"नाही."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"लग्न करायचं, दादा," तो हसून म्हणाला. उठताना दारात थांबला. "एकच सांगतो. तिची साडी पांढरी आहे. आजीची इच्छा आहे. तेवढं सांभाळा."

साडी सांभाळणं हे फोटोग्राफरचं काम नाही, पण मी हो म्हणालो. लोकांना डागाची फार भीती असते.

२३ मार्च

आत्ताच परत आलो. पाय दुखतायत, पण मन भरून आलंय.

सकाळी हॉलवर गेलो तर सगळं पांढरं! नवरी पांढरी, नवरदेव पांढरा, स्टेजवरचं कापड पांढरं, पाहुण्यांतली निम्मी माणसं पांढरी. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा मोठा फोटो, मेणबत्त्या, फुलं. रंग म्हणून शोधायला गेलं तर बाबासाहेबांचा निळा कोट, तेवढाच. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर रडला असता. मी 'सोनेरी सांज' पूर्ण जोरावर टाकली. आणि काय सांगू! साडी जर्द सोनेरी, मेणबत्त्या सोनेरी, करुणा तर मूर्तीसारखी सोनेरी. त्रिशरण चालू असताना मी गुडघ्यावर बसून जे काढलंय ते गुरूंना पाठवणार आहे.

करुणाची आजी, कडूबाई, पुढच्या खुर्चीत होती. ऐंशीच्या पुढची. मी म्हणालो, आजी, हसा.

"आधी त्ये डबडं तोंडापुढून काढ बाळा, मंग हसते. मला कळंना कुणाकडं बघून हसायचं."

डबडं! माझ्या पंच्याऐंशीला!

राजनंदिनी सकाळी तासभर त्या आजीचा हात धरून नवरीच्या खोलीत बसली होती. मी दोनदा डोकावून खुणावलं की काम कर. ती मान हलवायची आणि पुन्हा ऐकत बसायची.

४ एप्रिल

फोटो निवडणं चालू. राजनंदिनी मागं येऊन उभी राहिली.

"साडी पांढरी होती," ती म्हणाली.

"टोन आहे तो."

"आणि हा कोट?"

"टील."

"टील म्हणजे हिरवा."

"टील म्हणजे टील!"

ती म्हणाली, काही छापायच्या आधी त्यांना दाखवा. ती एम. कॉम. आहे. रंगाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, असं आमच्यात लग्नाच्या वेळीच ठरलंय, निदान माझं तरी ठरलंय.

शिवाय मला एक नामी कल्पना सुचली आहे. तिला सांगितलेली नाही. करुणा आणि नवरदेव बाबासाहेबांच्या फोटोला वंदन करतायत, तो फोटो दारभर उंचीचा कॅनव्हासवर छापून घ्यायचा, फ्रेम करायचा आणि १४ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, त्यांच्या घरी भेट द्यायचा. घर पाहुण्यांनी भरलेलं असणार. सम्यकला अजून एक बहीण आहे, निशा. पुढचं लग्न आपलंच. गंगापूरला रामराम.

१४ एप्रिल

माझी काही चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो.

रिक्षात फ्रेम मावली नाही, म्हणून टेम्पो केला. सगळीकडं निळे झेंडे, गाणी, सरबताचे स्टॉल. टेम्पोवाल्यालाही हुरूप आला. घरात वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आपणहून भेट आणली म्हणून. मी कागद ओढला.

सगळे फोटोकडं बघायला लागले. मला वाटलं, भारावले. मग कडूबाई काठी टेकत पुढं आली. फोटोला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"पोरीला हळद कुणी लावली?"

मी म्हणालो, आजी, हळद नाही, सिनेमॅटिक...

"न्हाय न्हाय. लावलीय. साडीला बी लावलीय." मग ती बाजूला सरकली आणि फोटोतल्या फोटोवर बोट ठेवलं. "आन् ह्ये? बाबासाहेबाच्या अंगात ह्यो कुणाचा कोट घातला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हिरवा केला की." दुसरा म्हणाला, "नाय, भगव्यावर बी चाललाय." आणि एक तरुण पोरगा उठून उभाच राहिला. या शहरात रंग इकडचा तिकडं झाला तर चौकात बंदोबस्त लागतो. मी एकटा, फ्रेम दारभर, आणि दार फ्रेमच्या मागं.

सम्यकनं त्या पोराला खांद्याला धरून खाली बसवलं. "चुकलंय त्यांचं. मुद्दाम केलं नाय," म्हणाला. मग फ्रेम उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि मला म्हणाला, "दादा, चहा घ्या."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चहाबरोबर बुंदीचा लाडूही दिला. तो मी फ्रेमकडं पाठ करून खाल्ला.

१५ एप्रिल

दिवसभर कॉम्प्युटरवर. साडी पांढरी करायला गेलो तर करुणा निळी पडते. कोट निळा केला तर नवरदेवाचे केस निळे होतात. पक्का काढलेला फोटो पक्काच असतो. गुरूंना मेसेज केला. त्यांनी नव्या कोर्सची लिंक पाठवली.

राजनंदिनीनं तिच्या जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. "यातले देऊ त्यांना."

मी म्हणालो, ते बॅकअप आहेत, त्यावर 'माऊली फिल्म्स'चं नाव जाऊ शकत नाही.

"मग नका घालू नाव," ती म्हणाली. आणि मग कप नव्हता तरी काहीतरी खाली ठेवल्यासारखी बसली. "तुम्हाला माहितीय, साडी पांढरी का होती?"

मला कसं माहीत असणार? मला कुणी सांगितलं होतं?

तिनं सांगितलं. कडूबाईचं लग्न धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी झालं. त्यांच्या गावातलं नव्या पद्धतीचं पहिलंच लग्न. सासऱ्यानं पांढरं लुगडं आणलं. गाव पांदीच्या कडेला उभं राहून हसलं, 'नवरी हाय का रांडाव?' म्हणून. पंधरा वर्षांची पोरगी होती, रडली. पण नेसली. त्या लग्नात फोटोवाला नव्हता. गंगापूरहून एक जण यायचा होता, तो या वस्तीत यायला तयार झाला नाही. म्हणून तिनं नातीला सांगून ठेवलं होतं की तू पांढरी नेस आणि फोटो काढून घे, मोठा. तो माझ्या भिंतीला लागू दे.

"हे तिनं तुला सांगितलं?" मी विचारलं.

"मी विचारलं म्हणून सांगितलं."

मी उठून बाहेर गेलो. गुलमंडीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. गंगापूरचा तो फोटोवाला निदान आला तरी नाही. मी गेलो आणि हळद लावून आलो. मला फार वाईट वाटलं. हे लिहायला नको होतं, पण गुरू म्हणतात खरं लिहावं. आता गुरूंचं किती ऐकायचं हाही प्रश्नच आहे.

२० एप्रिल

राजनंदिनी तिचे फोटो छापून स्वतः देऊन आली. मी पाकीट उघडून पाहिले होते. तांत्रिकदृष्ट्या सामान्य. बोकेह कुठंही नाही. मागचं कपाट दिसतंय, कपाटावरची सुटकेस दिसतेय, सुटकेसवरचं पोतं सुद्धा दिसतंय. एका फोटोत कडूबाई करुणाच्या साडीची निरी हातात धरून बसलीय, बाजारात कापडाचा पोत बघतात तशी. करुणा वरून तिच्याकडं बघतेय. साडी पांढरी आहे.

तो फोटो मी बराच वेळ हातात धरला होता. दोष शोधत होतो.

११ मे

अक्षय तृतीया झाली, लग्नांची गर्दी ओसरत आली. गिऱ्हाईक आपल्या पायानं आलेलं नाही. वाळूजच्या त्या मावशींचा फोन आला, धाकट्याचा साखरपुडा आहे म्हणून. मी उडालोच. त्यांनी विचारलं, "ताई आहेत का?" ती बाहेर होती. "मग नंतर करते," म्हणाल्या आणि ठेवला. बायकांचं काही खासगी असेल.

काकांचाही फोन. "फोटोवाले, पाऊस तोंडावर आलाय. दुकानात माणूस नाय. येतूस का तुझ्या मशिनी विकायची वाट बघू?"

लेन्स विकायला ऑनलाइन टाकली. पहिल्या माणसानं विचारलं, बुरशी आहे का? दुसऱ्यानं विचारलं, मोबाईलला बसते का? तिसरा म्हणाला, बदल्यात शेळी देतो, गाभण आहे. ही या देशातली कलेची किंमत.

२५ मे

आजचं सगळं नीट क्रमानं लिहितो.

सकाळी जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. मी वाकून बघितलं तर कडूबाई. मागं सम्यक, तिच्या पाठीला हात लावून.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला की भांडायला आल्या. दुसरा विचार आला की भांडायला का होईना, पण आपल्या पायानं आल्या! पुन्हा आल्या! मी राजनंदिनीकडं वळून जवळजवळ ओरडलोच, "शर्त! बघ, फोन केला नव्हता!"

"आजींना पाणी द्या," ती म्हणाली.

कडूबाई पाणी प्यायली, स्टुलावर बसली, दम घेतला. तिच्या अंगावर पांढरी साडी होती. नवी, घडीच्या खुणा अजून तशाच.

सम्यक म्हणाला, "तिला तिचा फोटो पाहिजे. भिंतीवर करुणाच्या शेजारी लावायला. मी म्हणलं, घरी मोबाईलवर काढतो. ऐकत नाय."

मी पंच्याऐंशी काढली. खरं सांगतो, मला वाटलं देवानंच संधी दिली. प्रीसेट बंद केला, कच्चा साठवायचं बटण चालू केलं, गुडघ्यावर बसलो.

"तू नगं, बाळा," कडूबाई म्हणाली. रागानं नाही. "त्या पोरीला काढू दे. ती आधी इचारती, मंग काढती."

खोलीत दुसरीकडं कुठं बघावं कळेना. मी लेन्स कॅमेऱ्यासकट राजनंदिनीपुढं धरली. म्हणालो, घे, हिच्यानं काढ. तिनं एकदा लेन्सकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. घेतली. आणि टेबलावर ठेवून दिली, हळू, जपून. तिचा चिकटपट्टीवाला कॅमेरा घेतला.

मग ट्यूबलाइट बंद केली आणि मला म्हणाली, खिडकीचा पडदा बाजूला धरून उभे राहा. मी उभा राहिलो. ती कडूबाईला विचारत होती, सासरे कसे होते, लुगडं कुठनं आणलं होतं, कुणी नेसवलं. कडूबाई सांगत होती. मध्येच थांबली आणि माझ्याकडं वळली.

"तू तिथनं बघ रं. पांढरी दिसतीय का?"

मी सवयीनं टेबलावरचा कॅमेरा उचलायला गेलो.

"त्याच्यातनं नगं. नुसतं बघ."

मी बघितलं. खिडकीतून सकाळचा साधा उजेड येत होता. सोनेरी नाही, काही नाही.

"पांढरी आहे, आजी," मी म्हणालो.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, समोर बघितलं, आणि राजनंदिनीनं फोटो काढला.

१ जून

वाळूजच्या मावशींनी साखरपुडा राजनंदिनीला दिला. निशाचं लग्न दिवाळीनंतर आहे, तेही तिलाच. मी विचारलं, मग शर्तीचं काय? ती हिशेब लिहिल्यासारखी शांतपणे म्हणाली, "गिऱ्हाईक आलं ना. कुणाचं आलं ते तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं नाही. थोडे दिवस विचार करणार आहे.

दुपारी काकांचा फोन. "मग? कवा येतूस?"

"नाही जमणार काका. इथं दुकानात माणूस लागतोय."

"कुणाच्या दुकानात?"

खरं तर 'माझ्या' म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "राजनंदिनीच्या."

काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी त्यांचं हसणं संपायची वाट न बघता फोन ठेवला. स्टुलापाशी तीन पोरी फॉर्मच्या फोटोसाठी उभ्या होत्या, आणि पडद्याच्या चुण्या कुणीतरी ओढून धरायला हव्या होत्या.